हिरवा येत नाही

माझा स्वभाव तापट आहे, यावर माझं माहेर, सासर आणि रबाळ्याची आमची कंपनी या तिघांचं एकमत आहे. एरवी या तिघांचं कशावरही जमणार नाही. कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पितळी व्हॉल्व्ह तयार होऊन माझ्या टेबलावर येतात, मी ते तपासते, आणि पास तरी करते नाहीतर लाल टॅग लावून परत पाठवते. चौदा वर्षांत लाडीगोडी लावून एकही पीस माझ्याकडून कुणी पास करून नेलेला नाही. ऑपरेटर लोक पाठीमागे मला ‘लाल टॅग’ म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

तर अशी मी, जानेवारीपासून कुणावरही ओरडलेली नाही.

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, माझा नवरा आशुतोष सकाळी बाथरूममध्ये पडला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय त्रेचाळीस. अकरा दिवस आयसीयूत काढून तो घणसोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये परत आला तेव्हा त्याचा उजवा हात जड होता आणि बरेच शब्द हरवले होते. झारा हवा असला की ‘ते भोकांचं दे’ म्हणायचा. फिजिओथेरपीने हात सुधारला. शब्दही एकेक करून परतले. त्यापलीकडे आत काय परत आलं आणि काय नाही, ते बाहेरून दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. मी वेळ दिला, रजा दिली, पथ्याचं जेवण दिलं. फक्त मला काही वाटायचं बंद झालं. रडू नाही, भीती नाही, राग तर नाहीच. सकाळी डबा भरावा तसे मी दिवस भरत होते.

आशुतोष द्रोणागिरीला एका कंटेनर यार्डात प्लॅनर होता. हजारभर कंटेनर, कुठला कुठे ठेवायचा, कुठला कशावर चढवायचा, हे तो ठरवायचा. जड खाली, हलका वर. केमिकलचा वेगळा, लांब. जो उद्या जाणार तो वर, जो महिनाभर पडून राहणार तो खाली. सगळा नकाशा डोक्यात. यात चूक झाली तर क्रेनखाली माणसं असतात. त्याच्या बारा वर्षांत तिथे कुणाला खरचटलंही नव्हतं. साहेबांनी त्याची जागा मेअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती.

एप्रिलमध्ये तो मला म्हणाला, “चारू, डॉक्टरच्या टेस्टवर माझा विश्वास नाही. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करा. यार्डात काय सात वजा करायचेत? मी हिरव्याला हरवीन. अशक्यवर. सलग तीनदा. जमलं की साहेबांना फोन.”

हिरवा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आमच्या लग्नाच्या आधीपासून आशुतोष कॉम्प्युटरवर एक जुना खेळ खेळतो. किल्ले, जादूगार, ड्रॅगन, सोन्याच्या खाणी. आपण निळे, कॉम्प्युटर हिरवा. हिरव्याचा राजा म्हणजे मुकुट घातलेली कवटी आणि त्याचं सैन्य हाडांचं. एक चाल म्हणजे एक दिवस. सुरुवातीला पातळी निवडायची: सोपी, मध्यम, कठीण, अशक्य. नावं इंग्रजीत आहेत, मी मराठीत सांगतेय. आम्हाला मूल नाही, त्यामुळे घरातला तिसरा माणूस म्हणजे हा हिरवा, असं मी चारचौघांत म्हणायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं होतं, “कठीण केलं की तो जास्त हुशार होतो का?”

“छे. डोकं तेवढंच,” तो म्हणाला होता. “फक्त त्याला जास्त मिळतं. मला खाणीतून शंभर सोनं मिळालं तर अशक्यवर त्याला अडीचशे. वर त्याला सगळा नकाशा दिसतो आणि मला अंधार.”

“आणि सोप्यावर?”

“सोप्यावर त्याला कमी मिळतं, आणि सांगितलेलं असतं की गप्प बस. सैन्य असतं त्याच्याकडे, पण किल्ल्यात बसून राहतो. येऊ शकतो, पण येत नाही.”

मग हौसेने त्याने मलाही खेळायला बसवलं. मी जिंकले. दुसऱ्यांदाही जिंकले. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की तो खेळतो तेव्हा दहाव्या दिवशी हिरव्याच्या किल्ल्याला पाच बुरूज असतात आणि मी खेळते तेव्हा तीनच. वर पाटी मात्र ‘कठीण’. खोदून विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं. खेळाच्या फोल्डरमध्ये एक साधी फाइल असते, त्यात प्रत्येक पातळीपुढे हिरव्याच्या उत्पन्नाचा आकडा लिहिलेला असतो. तो त्याने गुपचूप कमी केला होता. मी जिंकून खूश व्हावं म्हणून! मला जो संताप आला, विचारू नका. मला काय बाहुली समजतोस? हरायचं असेल तर माझी मी हरेन! दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो बिचारा दोन दिवस स्वतःच्या हाताने वाढून जेवला.

एप्रिलमध्ये आशुतोष अशक्यवर खेळायला बसला आणि हरला. दुसऱ्या दिवशी हरला. मी कंपनीतून आले की तो टेबलापाशी बसलेला असायचा, स्क्रीनवर जळणारा निळा किल्ला. अशक्यवरचा हिरवा तेविसाव्या दिवशी उत्तरेच्या पुलावरून ड्रॅगन घेऊन येतो. हे आमच्या घरात मलाही पाठ. पूर्वी आशुतोष बाविसाव्या दिवसापर्यंत पुलावर सगळी तयारी करून बसायचा आणि मला हाक मारायचा, “ये, पाहुणे येतायत.” आता तेविसाव्या दिवशी हिरवा यायचा तेव्हा याचं सैन्य भलतीकडेच कुठेतरी दक्षिणेला खाणी शोधत असायचं.

असे चौदा डाव हरला. चौदाव्या दिवशी माऊसवर हात ठेवून म्हणाला, “चारू, मी बहुतेक संपलो.” रडत नव्हता. भाजी संपली म्हणावं, तसं म्हणाला.

मला काही वाटलं नाही. तो व्यायाम म्हणून गावातल्या डेअरीतून दूध आणायला खाली उतरला, आणि मी फोल्डर उघडून ती फाइल काढली. अशक्यपुढे अडीचशे होतं. तिथे चाळीस लिहिलं आणि सेव्ह केलं. पाटी ‘अशक्य’च राहिली.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. व्हॉल्व्हचं भोक बरोबर आहे का, ते आम्ही गेजने बघतो. गेज म्हणजे स्टीलचा एक दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. नियम एकच. पीस बसत नसेल तर पीस फेकायचा, गेजला हात लावायचा नाही. आठ वर्षांपूर्वी कृष्णात नावाच्या ऑपरेटरने अख्खा लॉट रिजेक्ट होऊ नये म्हणून पॉलिश पेपरने गेज घासलं होतं. मी पकडलं. त्याची बायको गेटवर येऊन माझ्यापुढे रडली. मी म्हटलं, ताई, खराब पीसचं मी समजू शकते, पण त्याने गेज खोटं केलं. कृष्णातची नोकरी गेली. मला एक रात्रही झोप लागली नाही असं झालं नाही.

आणि आता मी घरी बसून गेज घासलं होतं. कळत होतं सगळं. वाटत काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी भाजी निवडत बसले. आशुतोष खेळत होता. तेविसावा दिवस आला आणि गेला. पूल रिकामा. तिसावा गेला. हिरवा एक्केचाळिसाव्या दिवशी उगवला, मूठभर हाडं घेऊन. ड्रॅगन एकही नाही.

“आला बघ!” आशुतोष म्हणाला. “वेळेवर!”

माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती मी खाली ठेवली.

वीस वर्षं खेळणाऱ्या माणसाला हे कळलं नव्हतं. मी तिसऱ्याच डावात बुरूज मोजले होते, आणि मी तर नवशिकी होते. जुन्या आशुतोषने दहाव्या दिवशी खुर्ची मागे सरकवून विचारलं असतं, कुणी हात लावला याला? मला आशा होती का, की तो विचारेल? असावी. कारण त्याने विचारलं नाही तेव्हा ती गेल्याचं मला कळलं, आणि मग परत सगळं सपाट झालं. त्याची खरी टेस्ट हीच होती. तिचा रिपोर्ट एकट्या माझ्याकडे होता.

तो जिंकला. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

पुढचे तीन आठवडे मी त्याचा आकडा शोधत होते. तो दूध आणायला गेला की फाइल उघडायची. पन्नास, जिंकला. साठ, जिंकला. मनात म्हणायचे, चढतोय, असाच चढत अडीचशेवर जाईल. ऐंशी केलं, हरला. परत ऐंशी, परत हरला. सत्तरवर आणलं, जिंकला. मी नोंद करावी तसं मनात नोंदवून ठेवलं, माझा नवरा सत्तर. शेजारीपाजारी विचारायचे, कसे आहेत आशुतोष? मी म्हणायचे, छान आहेत, सुधारतायत. जिभेवर मात्र सत्तर असायचं.

सत्तरवर तो सलग तीनदा जिंकला, शुक्रवारी. मी चपला काढतेय तोवर त्याने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. उदयसिंह साहेब मूळचे साताऱ्याकडचे, आवाज असा की स्पीकरची गरजच नाही.

“आशुतोषराव! लई बरं वाटलं बगा. अवो, तुमच्याशिवाय यार्डाची पार रया गेलीय. सोमवारी या. पयल्या दिवसापास्नं प्लॅनिंग तुमच्याकडंच, काय?”

“येतो साहेब,” आशुतोष म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी चपला रॅकमध्ये ठेवल्या.

शनिवारी मी कंपनीत गेले. टेबलावर एक पीस आला, गेजचं नो-गो टोक, जे जाता कामा नये ते, सहज आत जात होतं. भोक मोठं. मी टॅग लावला, लाल, आणि तो टॅग बघत बसले. कंटेनर कसे एकमेकांवर चढवतात ते मी एकदा पाहिलंय. खालून माणसं हेल्मेट घालून चालत असतात, वर बघतही नाहीत. त्यांचा वर बसलेल्या प्लॅनरवर विश्वास असतो म्हणूनच ना?

रविवारी दुपारी जेवणं झाली. आशुतोषने सोमवारचा शर्ट इस्त्री करून दाराला टांगला होता. कॉलरची एक बाजू दुमडलेली राहिली होती. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. फाइल कधी बदलली. किती केलं. पुन्हा किती केलं. सगळ्या तारखा सांगितल्या. आवाज कुठेही हलला नाही.

तो ऐकत होता. खाली सोसायटीत कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना तीच ती धून वाजवत होती.

“किती?” त्याने विचारलं.

“सत्तर.”

“कितीपैकी?”

“अडीचशे.”

त्याने बोटं हलवली, काहीतरी भागाकार करायला गेला आणि सोडून दिला. मला वाटलं आता भडकेल. भडकायला हवं होतं. मी त्याच्यावर याच गोष्टीसाठी दोन दिवस भडकले होते.

“आणि तू?” तो म्हणाला.

“मी काय?”

“तू कितीवर आहेस?”

मला कळलं नाही. तो एकेक शब्द शोधून, पुढे ठेवून बोलू लागला. “मंगळवारी गॅस चालू राहिला माझ्याकडून. तू आलीस, बंद केलास. काही बोलली नाहीस. दूध दोनदा उतू गेलं. पुसलंस. आईच्या फोनवर मी... मी चिडलो तुझ्यावर, उगाच. तू गप्प.” थांबला. “ओला टॉवेल मी चार महिने बेडवर टाकतोय, चारू. मुद्दाम. पहिल्यांदा विसरलो होतो. नंतर मुद्दाम.”

“मुद्दाम?”

“बघायला. तू येतेस का.” त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. “येऊ शकतेस. पण येत नाहीस.”

म्हणजे हिरव्याचं त्याला कळलं नव्हतं. माझं कळलं होतं.

त्याने फोन उचलला आणि साहेबांना लावला. आधी वाटलं, रागाने काही करतोय. पण तो शांतपणे म्हणाला, “साहेब, प्लॅनिंग नको. अजून नको. गेटवर द्या. एकेक गाडी येईल, एकेक नंबर बघेन. तेवढं जमेल.” पलीकडून साहेब पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी बोलले. आशुतोष दोनदा ‘हो’ म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि तेवढ्यात जे गेलं ते मला दिसलं. बारा वर्षं गेली. नकाशा गेला.

“आता ओरड,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“गॅसबद्दल ओरड.”

“गॅस चालू ठेवून झोपलास,” मी म्हणाले. “असं करायचं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “हे चाळीस झालं. वाढव.”

“आशू, मला नाही येत आता.”

“वाढव.”

“मंगळवारी मी दार उघडलं तर घरभर वास! इथे खिडक्या बंद, तू आत झोपलेला! मी एक मिनिट दारातच उभी राहिले, कारण...”

“वाढव.”

“कारण मला परत बाथरूमचं दार आठवलं! आतून कडी कशाला लावलीस त्या दिवशी? घरात आपण दोघं, कडी कुणासाठी? मी पंधरा मिनिटं दार ठोकत होते, हात सुजला माझा, आणि आतून फक्त नळाचा आवाज! मला वाटलं तू गेलास! तू गेलासच असं धरून बसलेय मी तेव्हापासून. जो घरी आला त्याला जेवायला घालतेय, औषधं देतेय. तुझ्यावर कशी ओरडू? तू नव्हतासच ना इथे!”

माझा आवाज फाटला होता. पलीकडच्या फ्लॅटचा टीव्ही बारीक झाल्याचं मला ऐकू आलं. घसा जळत होता, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा मला घशाची जळजळ जळजळीसारखी जाणवत होती. मी रडले. चांगली पाच मिनिटं रडले.

आशुतोषला शब्द सापडायला वेळ लागला. तेवढा वेळ तो नुसता ओठ हलवत होता. “होतो,” तो शेवटी म्हणाला. “होतो इथेच. सत्तरच होतो. पण होतो.”

मग त्याने मला फाइल उघडायला लावली. मी सत्तर खोडून अडीचशे लिहिलं, त्याच्यासमोर, सेव्ह केलं. त्याने नवीन डाव लावला. मी शेजारी बसले. बाराव्या दिवशी मी म्हणाले, दक्षिणेला काय ठेवलंय तुझं, तिकडे कशाला जातोस, पूल उत्तरेला आहे. तो म्हणाला, मी खेळतोय का तू? बाविसाव्या दिवशी पुलावर त्याचे चारच धनुर्धारी होते.

तेविसाव्या दिवशी हिरवा ड्रॅगन घेऊन पुलावर आला. किल्ला सहा चालींत जळला.

“आला,” आशुतोष म्हणाला, आणि खुर्चीत मागे टेकला. “चहा टाक.”

“तू टाक,” मी म्हणाले. “आणि नंतर गॅस बंद केला नाहीस तर बघ. आधी तो बेडवरचा टॉवेल उचल.”

तो उठला.